चौथ्या मजल्यावरचे नळ: चौदा महिन्यांनंतरचा हिशेब

गेल्या वर्षी पाडव्याच्या तोंडावर आम्ही घरातली पाण्याची सगळी लाइन बदलून घेतली. पाइप, नळ, फ्लश, गीझरची जोडणी, सगळं. टाइल्सचा खर्च वेगळा, नुसत्या प्लंबिंगचे ६२,००० रुपये झाले. त्यानंतर दोन उन्हाळे आणि एक पावसाळा गेला. आता बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी जिन्यात गाठून विचारतं, "काय काय बसवलंत हो? कसं चाललंय?" प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. कंपन्यांची नावं देत नाही. चांगलं वाईट दोन्ही लिहायचं आहे, आणि वाईट लिहून कोणाच्या नोटिसा झेलायची माझी तयारी नाही.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, १९८७ सालची, तळमजला धरून पाच मजली, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या खाली. हे मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्या चौथ्या मजल्यावर उभं आहे.

भिंत फोडली त्या दिवशी मिस्त्रींनी जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. "बघा काकू, तुमचं प्रेशर कुठं गेलंय ते." पाइप अर्ध्या इंचाचा. मधलं भोक इतकं उरलेलं की मी फ्रिजवरची पेन्सिल आणून घातली तर ती अडकून उभी राहिली. बाकीचा सगळा गंज. आणि तोही एकसारखा नाही, खारीसारखा पदरापदरांचा. बाहेर तांबूस, मग काळा, मग पुन्हा पिवळट, पुन्हा काळा. बोट फिरवलं तर जो काळा डाग पडला तो भांड्याच्या साबणानेही रात्रीपर्यंत निघाला नाही. जस्ताचा थर झिजला की आतलं लोखंड पाण्याला उघडं पडतं आणि गंज आतल्या आत फुगत जातो, हे शाळेत शिकलेलं. पण तीस-पस्तीस वर्षं आपण ह्यातून आलेलं पाणी उकळून प्यालो, हे हातात घेतल्यावरच कळलं. तो तुकडा मी अजून टाकलेला नाही. बाल्कनीत कुंडीमागे आहे, कोणाला बघायचा असेल तर या.

आता सीपीव्हीसी पाइप. फिकट पिवळसर रंगाचा तो. ह्याबद्दल आमच्या घरी आधी बराच वाद झाला. ह्यांचं म्हणणं, प्लास्टिक ते प्लास्टिक, लोखंडाची सर येणार नाही. मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं की साध्या पीव्हीसीत गरम पाणी सोडलं तर तो वाकतो, ह्यात क्लोरीन जास्त घातलेलं असतं म्हणून हा ९३ अंशांपर्यंत तग धरतो. पाइपावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला आहे का ते बघून घ्या, म्हणाले. मी प्रत्येक नग उलटून बघितला. होतं.

मला खरी गंमत वाटली ती जोडणीची. पूर्वी प्लंबर यायचा तो डाय घेऊन. पाइपाला आटे पाडायचे, तेलाचे ओघळ फरशीवर, मग आट्यांवर सूत गुंडाळायचं, वर सफेदा फासायचा, आणि दोन माणसांनी दोन पाने लावून आवळायचं. दोन सांधे झाले की जेवायची सुट्टी. आता मिस्त्री कात्रीसारख्या कटरने पाइप कापतात, कडेचा कीस काढतात, ब्रशने सोल्युशन लावतात, पाइप एल्बोत, म्हणजे वळणावरच्या जोडात, घालून पाव वेढा फिरवतात आणि दाबून धरतात. ते सोल्युशन म्हणजे फेव्हिकॉलसारखं चिकटवणारं काही नाही. ते दोन्ही बाजूंचं प्लास्टिक जरासं विरघळवतं आणि दोन्ही मिळून एकच तुकडा होतो. नंतर ओढून काढू म्हटलं तर निघत नाही, कापावाच लागतो. अख्ख्या बाथरूमची लाइन दीड दिवसात झाली. वास मात्र डोकं उठवणारा. सासूबाईंना दोन दिवस नणंदेकडे पाठवलं होतं ते बरं झालं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जिथे नळ पिळून बसवायचा असतो तिथला एल्बो पितळी आट्यांचाच घ्या. आमच्याकडे वॉशिंग मशिनच्या जागी एक नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांचा लागून गेला आणि नळ आवळताना त्याला केसासारखी चीर पडली. त्या दिवशी काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवर ओल उमटली आणि नवी कोरी टाइल पुन्हा फोडावी लागली. दुसरं, गच्चीवरचा जो पाइप उन्हात राहतो त्याला रंग देऊन घ्या, नाहीतर उन्हाने तो ठिसूळ होतो. आणि रंग पाण्यात कालवायचा घ्या, ऑइल पेंट नको.

आता मुख्य दुखणं, पाण्याला फोर्स नसणे. ह्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

खरेदीसाठी मी दोन ठिकाणी गेले. आधी हायवेवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये. तिथे एसी, गारेगार, काचेवर पावसासारखे शॉवर लावून ठेवलेले, खाली निळे दिवे. विक्रेता मुलगा फार गोड बोलला. "मॅडम, हा रेन शॉवर घ्या, पावसात भिजल्यासारखं वाटेल." मी भुलले. ताटाएवढा तो शॉवर ७,४०० रुपयांना घेतला. बसवला. कॉक उघडला. मधल्या आठ-दहा भोकांतून पाणी ठिबकत खाली आलं, कडेच्या भोकांना तर पत्ताच नाही. गळक्या छपराखाली उभं राहिल्यासारखं. पावसाची आठवण आली हे मात्र खरं.

मग खोक्यातला कागद वाचला. आधी वाचायला हवा होता. बारीक अक्षरांत लिहिलेलं, किमान १ बार दाब हवा. आता हिशेब करा. दहा मीटर उंचीवर पाणी असेल तर खाली साधारण १ बार दाब मिळतो. आमच्या गच्चीवरची टाकी चार फुटी ओट्यावर. तिथून माझ्या शॉवरपर्यंत, टाकी तुडुंब भरलेली असली तरी, जेमतेम दहा फूट. म्हणजे ०.३ बार. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर हाच शॉवर लावला तर तीन मजल्यांची म्हणजे आणखी तीसेक फूट उंची मिळते, दाब चौपट होतो, आणि तिथे तो झकास चालेल. वस्तू खोटी नाही. ती जिथे बनते तिथे नळाला भरपूर दाब असतो. आपण गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर जगणारी माणसं, आणि त्यातही टाकीच्या खालीच राहणाऱ्यांचे हाल सगळ्यांत जास्त. टाकी डोक्यावर आहे म्हणून पाणी जोरात येत असेल असं लोकांना वाटतं. उलट असतं.

शोरूमने शॉवर परत घेतला नाही. "बसवलेला माल परत नाही." बिलावर तसं छापलेलंही होतं.

दुसरं दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत, दहा बाय बारा, दारातच पाइपांच्या मोळ्या उभ्या, काउंटरवर धूळ खात पडलेले एल्बो आणि निपल. म्हातारे शेठजी. मी म्हटलं, शॉवर दाखवा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "कितवा मजला?" मी म्हटलं, शेवटचा. "मग मोठा नका घेऊ." आणि ३८० रुपयांचा तळहाताएवढा, मोजक्या भोकांचा शॉवर पुढे ठेवला. तोच आज चालू आहे. भोकांना रबराची बोंडं आहेत, क्षार धरला की अंगठ्याने चोळायचं, निघून जातो. बाकीचं सगळं सामान मी त्यांच्याकडूनच घेतलं. दुकानाला दहापैकी नऊ. एक मार्क कापला तो पावती मागितल्यावर तोंड वाकडं केलं म्हणून.

फोर्सचा इलाज पंप लावणे असं अर्ध्या बिल्डिंगचं मत होतं. मिस्त्री म्हणाले, आधी पाइपाची जाडी वाढवू, मग बघू. गच्चीवरून आधी पाऊण इंची लाइन उतरत होती आणि घरात शिरताच अर्ध्या इंचाची व्हायची. आता बाथरूमपर्यंत एक इंची आणली, फांद्या पाऊण इंची, आणि अर्धा इंच फक्त नळाच्या तोंडाशी. टाकी तिथेच, म्हणजे दाब वाढला नाही. पण वाटेत पाइपाच्या कडांना घासून जो वाया जात होता तो वाचला. भोकाचा व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट येईल असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात पाच पटींच्या वर येतं. मी बादली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन मोजलं. आधी १५ लिटरची बादली भरायला ४ मिनिटं १० सेकंद लागायची. काम झाल्यावर १ मिनिट ३५ सेकंद. पंपाचे पैसे, वीज आणि रोजची घरघर, तिन्ही वाचलं. अख्ख्या ६२,००० मध्ये सगळ्यांत शहाणपणाचा खर्च हाच, आणि तो कोणाला दिसतही नाही कारण सगळं भिंतीत.

नळांकडे येते. जुन्या नळात काय असायचं, पिळलं की दांडा खाली जायचा आणि वायसर पितळी बैठकीवर दाबला जायचा. वायसर रबरी, तो दर पावसाळ्यात झिजायचा, मग नळ आणखी जोरात पिळायचा, मग तो आणखी झिजायचा. आमच्या सासूबाईंना नळ बंद करायला दोन्ही हात लागायचे. आताच्या पाव वेढ्याच्या नळात आत दोन सिरॅमिकच्या चकत्या असतात, एकमेकींवर घासलेल्या, आरशासारख्या गुळगुळीत. दोन्हींना भोकं. भोकावर भोक आलं की पाणी चालू, सरकलं की बंद. दाबायचं काहीच नाही, म्हणून झिजायचंही फारसं नाही. एका बोटाने फिरतो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला हा केवढा दिलासा आहे, ते तिच्या मनगटाला विचारा.

पण ह्या चकत्यांचा एक शत्रू आहे, कचकच. आणि तो घोळ आम्हीच घातला. लाइन बदलल्यावर पाणी सोडलं तेव्हा नळ आधीच बसवलेले होते. गच्चीवरच्या जुन्या तुकड्यातला गंज, सिमेंटचे कण, पाइपाचा कीस, सगळं सरळ नळांत. बेसिनचा नळ आठवड्यात ठिबकायला लागला. उघडून बघितलं तर चकतीवर नखाने ओढावी तशी रेघ. नवं कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांसकट आतला भाग, २६० रुपयांना आलं. तुम्ही करताना आधी नळ न लावता लाइन दहा मिनिटं सोडून द्या, पाणी स्वच्छ आलं की मगच नळ. मिस्त्रींना हे माहीत होतं, पण त्या दिवशी संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि त्यांना कर्जत लोकल पकडायची होती. मीही घाई केली.

बाल्कनीतला नळ पीटीएमटीचा, म्हणजे प्लास्टिकचा, २४० रुपये. हातात घेतला तर खेळण्यातला वाटतो, टिचकी मारली तर पोकळ आवाज. ह्यांनी बघितल्याबरोबर नाक मुरडलं. चौदा महिन्यांत ज्याने एकदाही तक्रार केली नाही असा घरातला एकमेव नळ तोच. मे महिन्यात आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतात, त्या क्षारांनी बाथरूमच्या क्रोमवर पांढरे नकाशे उमटले. ह्याच्यावर काही नाही, पुसलं की झालं.

एअरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाची जाळी. पाण्यात हवा मिसळते, धार मऊ पांढरी येते, उडत नाही. स्वयंपाकघरात मी दहा लिटर मोजून पाहिलं. जाळीशिवाय ७५ सेकंद, जाळी लावून अडीच मिनिटं. म्हणजे मिनिटाला आठऐवजी चार लिटर, आणि भांडी तेवढ्याच वेळात घासून होतात. इथे जरूर लावा. बेसिनलाही. बाथरूमच्या बादलीच्या नळाला मात्र लावू नका. बादली भरायला पंधरा लिटर लागतात ते लागतातच, जाळीने पाणी वाचत नाही, आपला वेळ जातो. दुकानदार सरसकट सगळीकडे लावायला सांगतात. आमच्या शेठजींनी नाही सांगितलं. महिन्यातून एकदा जाळी काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकते, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासते.

ज्याच्याकडे कोणी बघत नाही अशी वस्तू म्हणजे अँगल कॉक, त्या त्या जागेपुरतं पाणी बंद करायची छोटी चावी. बेसिनखाली, कमोडमागे, गीझरखाली, प्रत्येक ठिकाणी एकेक. मी आठ घेतले, ४५० रुपयांना एक. पूर्वी फ्लश बिघडला की अख्ख्या घराचं पाणी बंद, आणि ते बंद करणारा गेट वॉल्व्ह बैठकीत गाळ धरून अडकलेला, म्हणजे गच्चीवर जाऊन टाकीचीच चावी बंद, म्हणजे आमच्या लाइनवरच्या सगळ्यांच्या शिव्या. आता घरात शिरतानाच बॉल वॉल्व्ह आहे. आत भोक पाडलेला गोळा, दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. अंधारातही हाताला कळतं. महिन्यातून एकदा उघडझाप करते, अडकू नये म्हणून.

ह्या वॉल्व्हने आमची अब्रू वाचवली असती, जर आम्ही चिपळूणला लग्नाला जाताना तो बंद केला असता. नाही केला. बेसिनखालचा स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप, बाहेरून कसा मजबूत, पण त्याचं नट प्लास्टिकचं निघालं. ते फुटलं. तो एकच पाइप मी शेठजींकडचा न घेता सेलमध्ये दोनशेला चार अशा पाकिटातून घेतला होता. दोन रात्रींचं पाणी खालच्यांच्या पीओपीच्या छतात गेलं. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसतं कोटेशन आणून दिलं, ११,५०० रुपये. पाइप घेताना दोन्ही टोकांची नटं पितळी आहेत का बघा, नखाने खरवडून बघा. चार माणसांत हसं होईल, होऊ द्या.

दोन बटणांचा फ्लश ऑस्ट्रेलियात १९८० साली निघाला, ब्रूस थॉम्पसन नावाच्या माणसाने कॅरोमा कंपनीत तो बनवला. तेव्हा ११ आणि साडेपाच लिटरचा होता. आमचा ६ आणि ३ चा. जुनी टाकी एका खेपेला दहा लिटर ओतायची. कल्पना उत्तम, माणसं अवघड. छोटं बटण कोणतं हे पाहुण्यांना कळत नाही आणि सासूबाई दोन्ही एकदम दाबतात, "अर्धवट कशाला?" म्हणून. शिवाय आतलं रबर जरा तिरकं बसलं की पाणी गुपचूप झिरपत राहतं, आवाजही येत नाही. टाकीत जिलबीचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास थांबा. कमोडच्या भांड्यात रंग उतरला की रबर गेलं. आमचं मार्चमध्ये गेलं होतं. साठ रुपये.

गरम-गार एकत्र करणारा एका दांडीचा मिक्सर आम्ही घेतला, बरा आहे. आल्फ्रेड मोएन नावाच्या अमेरिकन तरुणाचा दोन चाव्यांच्या नळाखाली १९३७ मध्ये हात भाजता भाजता राहिला, त्यातून ही दांडी सुचली. बाजारात यायला १९४७ उजाडलं. आमच्याकडे पोळायचा धोका फारसा नाही, तितकं पाणीच येत नाही.

गीझरच्या सेफ्टी वॉल्व्हबद्दल मात्र हात जोडून सांगते. पाणी तापलं की त्यातून थेंब थेंब पडतं आणि लोक "लिकेज आहे" म्हणून तिथे बूच मारतात. तिसऱ्या मजल्यावर मी स्वतः लाकडाची खुंटी ठोकलेली पाहिली. पंधरा लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ ग्लासभर फुगतं. वॉल्व्ह त्याला मागे लाइनीत जाऊ देत नाही, मग ते बाहेर पडणार कुठून? तिथूनच. त्याला बारीक नळी लावून मोरीत सोडा, बूच मारू नका. ती खुंटी मी काढायला लावली. तिथल्या वहिनी तेव्हापासून जरा तुटक वागतात.

आणि वीस रुपयांची टेफ्लॉन टेप. सुताची आणि सफेद्याची जागा हिने घेतली. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट ह्यांना गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅसऐवजी पांढरी भुकटी सापडली, ती ही. गुंडाळताना आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटून येते, हे मी मिस्त्रींसमोर स्वतः करून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, टेप हातातून घेतली.

रेन शॉवर अजून खोक्यात आहे, कागदासकट, एकदाच वापरलेला. अडीच हजाराला देईन. घ्यायचा असेल तर फोन जरूर करा, पण कितव्या मजल्यावर राहता ते आधी सांगा.